वारा पडलेला, पाणी हलतंय : मालवण बंदरातले दोन दिवस

शुक्रवारी रात्री वहिनींचा फोन आला. तारीख ३ मे २०२४. चिवल्याजवळ त्यांच्या घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय असते. पुण्याहून दोन कुटुंबं आली होती, त्यांच्याबरोबर पाच पोरं. शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला आणि रविवारी पोरांना तारकर्लीला सर्फिंगचा पहिला धडा, असा बेत. "मुंबईत म्हणे इशारा दिलाय, समुद्र खवळणार. इथे तर पाणी ताटात ओतून ठेवल्यासारखं आहे. काय सांगू मी त्यांना?"

मी हवामान खात्यात नाही. दर गुरुवारी मालवणातल्या दहा-पंधरा बोटवाल्यांना आणि वहिनींसारख्या घरगुती निवास चालवणाऱ्यांना मोबाइलवर आवाजी निरोप पाठवतो, एवढंच. वारा कुठून आहे, लाट किती, भरती केव्हा. मे महिन्यात ते काम इतकं सोपं असतं की लाज वाटावी. पहाटे मतलई वारे जमिनीकडून दर्याकडे, पाणी शांत. अकरा-बाराला वारा फिरतो, खारे वारे वायव्येकडून सुरू होतात, तीन वाजेपर्यंत पाण्यावर आखूड, टोचऱ्या लाटा. म्हणून किल्ल्याच्या फेऱ्या सकाळी उरकाव्यात. निरोप संपला. तो आठवडाही मी गुरुवारी याच साच्यात काढला होता, आणि शुक्रवारी रात्री तो पुन्हा उघडावा लागला.

आधी बंदर डोळ्यांसमोर आणायला हवं, कारण या प्रकरणात सगळं त्याच्यावर आहे. मालवण बंदराच्या नैर्ऋत्येला कुरटे बेट आहे. त्यावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, आणि आज तीनेक किलोमीटरची तटबंदी पाण्यात उभी आहे. किल्ला आणि दांडी किनारा यांच्या मधे पद्मगड. ओहोटीला, आमच्याकडे तिला सुकती म्हणतात, तिथे वाळूची पट्टी उघडी पडते. भोवताली पाण्याखाली खडकच खडक. वाट माहीत नसलेलं जहाज इथे आत शिरू शकत नाही, आणि जागा निवडताना महाराजांना तेच हवं होतं. दक्षिणेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटेला ही सगळी मंडळी आडवी उभी असतात. वायव्येकडून मात्र बंदर बरंच उघडं. त्यामुळे इथल्या माणसाचं समुद्रभय वायव्येच्या वाऱ्याशी बांधलेलं आहे. वारा नाही तर भीती नाही. उत्तरेला चिवला किनारा, दोन्ही टोकांना खडक, पोरांना डुंबायला उत्तम. दक्षिणेला तारकर्ली, देवबाग : सरळ, उघडा, वाळूचा किनारा. मे महिन्यात तारकर्लीला गुडघा-कंबरभर लाट असते, बोर्डवर पहिल्यांदा उभं राहायला तेवढी पुरते.

आता इशारा. मुंबई महापालिकेनं दिलेला तो इशारा मूळ इन्कॉइसचा, म्हणजे हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा. शनिवारी ४ मे सकाळी साडेअकरापासून रविवारी ५ मे रात्री साडेअकरापर्यंत, छत्तीस तास, अर्धा ते दीड मीटर उंचीच्या लाटांची शक्यता. बस.

'दीड मीटर' वाचून मालवणात लोक हसले. त्यांचं चुकलं असं नाही. जुलैत बाहेर तीन-चार मीटरची लाट असते, दीड मीटरला कोण भीक घालतो! बातम्यांनी त्यावर 'समुद्र खवळणार' असा मथळा चढवला आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी खिडकीतून पाहिलं तर समुद्र आरशासारखा. इशाऱ्याची किंमत तिथेच गेली. माझ्या मते दोष निम्मा मथळ्याचा, निम्मा त्या आकड्याचा. उंची सांगितली, पण दोन लाटांमधली सेकंदं कुणी सांगितली नाहीत, आणि या लाटांचा सगळा जीव त्या सेकंदांत होता.

केरळात या प्रकाराला नाव आहे : कल्लक्कडल. चोरासारखा येणारा समुद्र. वारा नसतो, पाऊस नसतो, आभाळ निरभ्र, आणि पाणी अंगणात येतं. २०१२ मध्ये युनेस्कोनं हा शब्द अधिकृतपणे स्वीकारला. महिनाभर आधीच, ३१ मार्चला, अलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम या जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर तो येऊन गेला होता. मराठीत याला शब्द नाही. उधाण म्हणावं तर ते चंद्राचं, वादळ म्हणावं तर वादळ इथे नाहीच. शब्द नाही म्हणून मालवणात ती गोष्टच नाही असं धरलं जातं, आणि माझ्याही गुरुवारच्या निरोपात ती नव्हती.

वादळ होतं, पण ते फार लांब. इन्कॉइसनं नंतर जे सांगितलं त्याप्रमाणे २६ एप्रिलला कमी दाबाचा एक पट्टा दक्षिण अटलांटिकमधून दक्षिण हिंद महासागरात शिरला. २८ एप्रिलपर्यंत तो भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे १०,००० किलोमीटरवर होता आणि तिथे त्यानं ११ मीटरपर्यंतच्या लाटा उठवल्या. लाटा तिथून सुटल्या, वादळ मागे राहिलं. खुल्या समुद्रात लाटांचा जथा किती वेगानं पुढे सरकतो हे दोन लाटांमधल्या सेकंदांवर ठरतं. वीस सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी ५६ किलोमीटरनं येतो, आठ सेकंदांचा जेमतेम २२ नं. दहा हजार भागिले ५६ म्हणजे साधारण १७८ तास, सात दिवस आणि वर थोडं. २८ एप्रिलमध्ये सात मिळवा. शुक्रवारी रात्री वहिनींचा फोन ठेवल्यावर ही बेरीज वहीच्या मागच्या पानावर केली, तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसलो.

आठ सेकंदांची लाट म्हणजे आपली रोजची, वाऱ्यानं उठवलेली. तिची लांबी शंभर मीटर. लाटेला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर तळ लागायला लागतो, म्हणजे हिला पन्नास मीटरवर. तळ लागेपर्यंत ती सरळ रेषेत जाते आणि वाटेत किल्ला आला की त्याच्यावर डोकं आपटून संपते. आडोसा म्हणतात तो हाच. अठरा सेकंदांच्या लाटेची लांबी पाचशे मीटरच्या वर, तिला अडीचशे मीटरवरच तळ लागतो. म्हणजे किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर बाहेर असतानाच ती तळ चाचपायला लागते, उथळ बाजूला मंद होते, खोल बाजूला पुढे जाते, आणि वळते. बेटाला वळसा घालते, खडकांच्या मधून आत येते. शिवाय उथळ पाण्यात आल्यावर ती जास्त वर येते. बाहेर एक मीटर उंचीची आठ सेकंदांची लाट उघड्या किनाऱ्यावर ढोबळमानानं १.४ मीटरला फुटते, तीच अठरा सेकंदांची असेल तर दोन मीटरच्या आसपास.

अ‍ॅपवरच्या अंदाजाला किल्ला दिसत नाही, हेही लक्षात घ्यावं. त्या गणितातला एकेक चौकोन काही किलोमीटरचा असतो. सिंधुदुर्ग, पद्मगड, चिवल्याचे खडक हे सगळं त्या एका चौकोनात विरघळून जातं. तो आकडा बाहेरच्या उघड्या पाण्याचा. आतलं भाषांतर आपल्यालाच करावं लागतं.

तिसरी गोष्ट भरतीची. शनिवारी चैत्र वद्य एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा जुना हिशोब : अकराची पाऊणपट सव्वाआठ. मालवणला भरती मुंबईच्या थोडी आधी लागते, म्हणून मी सात ते आठ धरली, आणि सुकती दुपारी एक-दोनला. अमावास्या अजून तीन-चार दिवसांवर, म्हणजे धड भांगाची भरती नाही, धड उधाणाची नाही. ही एक बाजू चांगली होती. हीच लाट अमावास्येच्या भरतीवर आली असती तर देवबागेत घरांच्या दारात पाणी गेलं असतं.

रात्री साडेअकराला नवा निरोप पाठवला. त्याचा सारांश असा : 'शनिवारी सकाळी किल्ल्याच्या फेऱ्या नेहमीसारख्या करा. दुपारनंतर लांबून आलेली लाट जाणवेल, वारा नसला तरी. संध्याकाळी जोर सर्वांत जास्त. बोटी एकमेकींपासून लांब बांधा. तारकर्ली, देवबागला शनिवार-रविवार कुणाला पाण्यात नेऊ नका. लहान मुलांना डुंबायचंच असेल तर चिवला बरा.'

यातली दोन वाक्यं चुकीची होती.

शनिवारी सकाळी बंदर भरलेलं. मे महिन्याची सुट्टी, त्यात मंगळवारी ७ तारखेला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान, म्हणून चाकरमानी आधीच उतरलेले. किल्ल्याच्या बोटींना रांग. वहिनींची पाहुणे मंडळी साडेआठच्या बोटीनं गेली, अकराला परत आली, कुणाचा पायही ओला झाला नाही. मला दोन-तीन फोन आले, सगळे चेष्टेचे.

तीन वाजता मामा धक्क्यावर होता. मामाची स्वतःची बोट, वयाची बासष्ट वर्षं त्याच धक्क्यावर गेलेली. मी गेलो तर तो बोटीकडे बघत नव्हता, बोटीच्या दोरीकडे बघत होता. दोरी सावकाश ताठ व्हायची, तिच्यातून पाण्याचे थेंब पिळून खाली पडायचे, मग तितकीच सावकाश सैल होऊन पाण्याला टेकायची. पुन्हा ताठ. पाण्यावर सुरकुती नाही.

"वारो नाय, मगे पाणी कित्याक हालता?" मामा म्हणाला. माझ्याकडे न बघताच. "आणि उधाण म्हणशीत तर आज एकादशी. तुझो मोबाइल काय सांगता?"

मी घड्याळ लावलं. दोरी दहा वेळा ताठ व्हायला तीन मिनिटं वीस सेकंद लागली. वीस सेकंदांची लाट. मामाला म्हटलं, "मामा, ह्या पाणी आठ दिवसांमागे निघालेला. आफ्रिकेच्या खालसून." मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बोटीची मागची दोरी सोडून दुप्पट लांबीची बांधली. वाद घातला नाही. त्याला कारण नको होतं. शेजारच्या दोन बोटी मात्र तशाच चिकटून राहिल्या.

संध्याकाळी मी जोराची वाट बघत राहिलो. तसं काही झालं नाही. पाणी हलत होतं, पण फुटण्यासारखं काही नव्हतं. रात्री निरोप आला, 'तुमचा समुद्र कुठे खवळला?' मी झोपलो, आणि खरं सांगायचं तर थोडा ओशाळून झोपलो.

पहिली चूक इथे आहे. लांबच्या वादळातून सगळ्यांत आधी येतात त्या सर्वांत जास्त सेकंदांच्या लाटा, कारण त्या वेगवान. पण त्या ठेंगण्या असतात. वादळाची खरी ताकद त्यांच्या मागून येणाऱ्या, सोळा-अठरा सेकंदांच्या लाटांत असते. वर्दी द्यायला आलेल्यांनाच मी वरात समजलो. वीस सेकंद मोजले त्या क्षणी कळायला हवं होतं की मुख्य मंडळी अजून यायचीत, आणि जोर शनिवारी संध्याकाळी नव्हे, रविवारी. वहीच्या मागच्या पानावर ते गणित होतंसुद्धा. पण इशारा शनिवारी सुरू होतोय म्हणून मी मनातल्या मनात शनिवारलाच शिखर देऊन टाकलं.

दुसरी चूक चिवल्याची.

रविवारी सकाळी दहाला पुन्हा धक्क्यावर मोजलं : दहा ताठ व्हायला बरोब्बर तीन मिनिटं. अठरा सेकंद. एकोणीस तासांत दोन सेकंद उतरले. (गंमत म्हणून नंतर उलटं गणित केलं. वीस आणि अठरा सेकंदांच्या लाटा एकाच जागेवरून एकाच वेळी निघाल्या आणि एकोणीस तासांच्या फरकानं पोचल्या, तर ती जागा सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरवर येते. मोजण्यात अर्ध्या सेकंदाची गफलत झाली तरी उत्तर हजारो किलोमीटरनं हलतं, म्हणून त्यावर फुशारकी मारत नाही. पण मामाच्या दोरीनं वादळाचा पत्ता जवळपास बरोबर सांगितला.) यावेळी पाणी नुसतं हलत नव्हतं. पाच-सात मोठ्या लाटांचा जथा यायचा, धक्क्याच्या पायरीवर दोन पायऱ्या पाणी चढायचं, मग दहा-पंधरा मिनिटं काही नाही. चिकटून बांधलेल्या त्या दोन बोटींपैकी एकीची कड फुटली होती. किल्ल्याकडच्या बाजूला उतरताना माणसाला बोटीतून पाऊल टाकायची वेळ साधता येईना, म्हणून बोटवाल्यांनी आपणच दहाला फेऱ्या थांबवल्या.

मी चिवल्याला पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. तारकर्लीचा धडा रद्द झाला होता, माझ्याच सांगण्यावरून. पोरं हिरमुसली म्हणून शिकवणाऱ्या मुलानं बोर्ड चिवल्याला आणले, तेही माझ्याच सांगण्यावरून. पाणी छान दिसत होतं. वहिनी नारळाच्या सावलीत कैरीच्या फोडींचा डबा घेऊन बसलेल्या. पोरं पोटभर पाण्यात, बोर्डवर पालथी.

मग जथा आला. लाटा काही मोठ्या नव्हत्या, पोरं आनंदानं ओरडली. पण सात लाटांनी आत ढकललेलं पाणी परत जायला वाट एकच होती, टोकाच्या खडकांमधली फट. त्यात सुकती लागलेली, बाकीचे खडक वर आलेले, म्हणजे फट आणखी अरुंद. तिथलं पाणी वेगळं दिसायला लागलं. इतर ठिकाणी फेस किनाऱ्याकडे येत होता, तिथे फेसाची एक पट्टी बाहेर चालली होती, आणि तेवढ्या पट्टीत लाट फुटत नव्हती. नवख्याला तीच जागा सर्वांत शांत वाटते. अकरा वर्षांचा एक मुलगा बोर्डवर पालथा पडून हात मारत होता, त्याला वाटलं आपल्याला जमायला लागलं. तो तीस-चाळीस मीटर बाहेर गेला तेव्हा शिकवणाऱ्याच्या लक्षात आलं. शिकवणारा पोहत निघाला. त्याच्या आधी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी घेऊन दोघं जण निघाले होते, त्यांनी पोराला बोर्डसकट वर घेतलं. एकूण चार मिनिटं. पोराला काही झालं नाही, उलट त्याला होडीत बसायला मिळालं. त्याच्या आईला मात्र बराच वेळ बोलता येईना.

रापणकरांपैकी म्हातारा मला म्हणाला, "सुकतीक हय पोरांका कोण सोडता? हंयचा पाणी भायर वढता." मी विचारलं, रोज ओढतं? म्हणाला, थोडं रोजच ओढतं, आज जास्त. म्हणजे फट त्याला माहीत होती, मला नव्हती, आणि मी त्याला विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात चिवला म्हणजे आडोसा, तारकर्ली म्हणजे उघडं, एवढंच होतं. आडोशाच्या जागी लाट लहान होते हे खरं, पण खडकांनी अडवलेलं पाणी बाहेर पडताना ओढ एका जागी गोळा होते. तारकर्लीच्या सरळ किनाऱ्यावर निदान लाट बघून आई-बापांनी पोरांना पाण्यात सोडलंच नसतं. वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि ते रास्त होतं.

आता बंदराचा अंदाज मी कसा देतो ते थोडक्यात. मे महिन्यातही आधी दक्षिणेकडून किती सेकंदांची लाट येतेय ते बघतो. पंधराच्या वर असेल तर उंची अर्धा मीटर असली तरी निरोपाचं पहिलं वाक्य तेच. केरळच्या बातम्या बघतो, कारण तिरुवनंतपुरमला पोचलेली अशी लाट आमच्याकडे यायला साधारण बारा तास घेते. कारवार आणि रत्नागिरीला इन्कॉइसचे लाटा मोजणारे तरंगते बोये आहेत, त्यांतला कारवारचा आमच्या दक्षिणेला. शिखर इशाऱ्याच्या पहिल्या दिवशी धरत नाही. आणि किनाऱ्यांना 'बरा', 'वाईट' म्हणणं सोडलंय. चिवला भरतीला, चिवला सुकतीला, असं वेगवेगळं सांगतो. निरोप आता दीड मिनिटाऐवजी चार मिनिटांचा होतो आणि निम्मे लोक तो शेवटपर्यंत ऐकत नाहीत, हे मला दिसतं. म्हणून पहिल्या वीस सेकंदांत काय घालायचं याच्यावर माझा सगळा गुरुवार जातो.

इशारा रविवारी रात्री साडेअकराला संपला. सोमवारी सकाळी मी तरी धक्क्यावर गेलो. दोरी अजून हलत होती, कमी, पण हलत होती. पर्यटक विचारत होते, आता किल्ल्याला जाता येईल ना, इशारा तर संपला. त्याच दिवशी कन्याकुमारीजवळ लेमूर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाल्याची बातमी आली. मामानं ती मोबाइलवर वाचली, मोबाइल खिशात ठेवला आणि त्या दिवशीची पहिली फेरी भरती उलटेपर्यंत काढलीच नाही. रांगेतले लोक चिडले. एक जण म्हणाला, अहो वारा कुठे आहे? मामानं त्याला दोरी दाखवली.